आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना

आमच्या थोरलीचा बाप्तिस्मा ती चार महिन्यांची असताना नगरला झाला. धाकट्याचं अकोल्याला समर्पण झालं, बाप्तिस्मा नाही. एकाच घरात हे असं कसं, असं दोन्हीकडचे नातेवाईक अजून विचारतात. म्हणून आधी तेच सांगते. मुलांना घरात ख्रिस्ती विश्वासात वाढवायचं म्हणजे नक्की काय करायचं, याचा विचार आम्हाला तिथूनच सुरू करावा लागला.

माझं सासर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या घरात तोंडी नगरच बसलेलं आहे. अमेरिकन मराठी मिशननं तिथं १८३१ साली काम सुरू केलं. त्या मिशनच्या शाळांमधून शिकत आलेलं हे घराणं. तिथल्या रीतीप्रमाणे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो: पाळक बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, आईबाप त्याच्या वतीनं वचन देतात आणि मूल मोठं झालं की दृढीकरणाच्या वेळी ते वचन स्वतःच्या तोंडानं आपलंसं करतं. माझं माहेर अकोल्याचं, अलायन्स मंडळीतलं, म्हणजे त्या नावाच्या चर्चमधलं. तिथं बाळाला मंडळीपुढे आणून देवाला समर्पित करतात. बाप्तिस्मा मात्र ज्यानं त्यानं जाणतं झाल्यावर, स्वतः विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा. मी स्वतः कॉलेजात गेल्यावर घेतला. पाण्यातून वर आल्यावर काठावर उभी असलेली आई दिसली, तो क्षण मला अजून आठवतो. त्यामुळे माझ्या लेकरांना तो क्षण मिळावा, त्यांना तो आठवावा, असं मला मनापासून वाटत होतं. आणि सासऱ्यांना, मुलं त्यांना आबा म्हणत, तितक्याच मनापासून वाटत होतं की नात जन्मापासूनच मंडळीची असावी, तिला बाहेर थांबवून ठेवणारे आपण कोण.

मार्ग आमच्या पाळकांनी दाखवला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आमची सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरेनसारखे जाणतेपणी देणारेही होते. त्यामुळे सीएनआयनं दोन्ही रीती मान्य केल्या. पाळक म्हणाले, "मंडळीला जे चालतं, ते तुमच्या घराला का चालू नये?" मग थोरलीच्या वेळी आबांच्या मनासारखं झालं. धाकटा माझ्या माहेरी जन्मला, त्याच्या वेळी माझ्या आईच्या मनासारखं. माझ्या नवऱ्यानं दोन्ही वेळी एकच गोष्ट विचारली, की वचन आपल्याला द्यायचं आहे ना, मग ते पाळायचं कसं ते बोलू.

दोन्हीकडे आईबापांना जवळपास सारखंच विचारतात: या मुलाला प्रभूच्या शिक्षणात वाढवाल का? त्यामागे बायबलमधलं, प्रेषित पौलाचं इफिसकरांच्या पत्रातलं वचन आहे. त्याचा उत्तरार्ध सगळ्यांना पाठ असतो: प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा. पण त्याच वाक्याचा पूर्वार्ध असा आहे: आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. ही अट आधी घातलेली आहे आणि शिस्त नंतर आली आहे. आम्ही दोघांनी ठरवलं की घरात जे काही करू ते या दोन्ही भागांना धरून करायचं. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

सर्वात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. नगरच्या घरी ती रात्री जेवणं उरकल्यावर असायची. सतरंजी घालायची, एक गीत, बायबलमधला एक अध्याय क्रमानं, मग आबांची प्रार्थना. आबा गुडघ्यावर बसून घरातल्या प्रत्येकाचं नाव घेत, मग नातलग, मंडळीतले आजारी, परीक्षेला बसलेली मुलं, पाऊस, राज्यकर्ते, तुरुंगातले लोक. एखाद्याचं नाव राहिलं तर "आमेन" म्हटल्यावर पुन्हा डोळे मिटून तेवढं नाव घेत. मला ती प्रार्थना फार आवडायची. पण दोन वर्षांचं मूल त्यात टिकत नाही. ते पेंगतं नाहीतर चुळबुळ करतं, मग मोठी माणसं डोळे वटारतात, आणि प्रार्थना म्हणजे डोळे वटारण्याची वेळ असं त्याच्या मनात बसतं. चिरडीला आणणं म्हणतात ते हेच.

म्हणून पुण्याच्या घरी आम्ही ती जेवणाआधी घेतली आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस जेवढा वेळ बसू शकेल तेवढीच ठेवायची असं ठरवलं. धाकटा दोन वर्षांचा असेपर्यंत एक गीत आणि प्रभूची प्रार्थना, बस. तो बालवाडीत गेल्यावर त्यात एक गोष्ट आली, पण सांगायची, वाचायची नाही. दुसरीत तो नीट वाचायला लागला तेव्हा आळीपाळीनं दोन-दोन ओव्या वाचणं सुरू झालं. (आमच्याकडे बायबलमधल्या वचनांना ओव्या म्हणतात.) थोरली बारा वर्षांची झाली तेव्हापासून आठवड्यातून एक संध्याकाळ तिची: गीत ती निवडणार, भाग ती निवडणार, प्रार्थनेला कोणाला सांगायचं तेही ती ठरवणार. आईबाप त्या दिवशी मंडळीत बसलेल्या माणसांसारखे बसणार. यानं खूप फरक पडला. जी मुलगी सांगून प्रार्थना करायला लाजत होती, ती आपला दिवस आला की शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं लक्षात ठेवून येऊ लागली. आबांची यादी तिच्यात उतरलेली पाहून मला भरून आलं.

गीतांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घरात विश्वास सर्वात आधी कानातून आला. नवऱ्याला पेटी वाजवता येते, धाकट्यानं तबला धरला, बाकी टाळ असतातच. पुण्यात मुलांना इंग्रजी कोरस भराभर येतात, युट्यूबवर सगळं मिळतं, ती गाणीही आम्ही गातो. पण मी आग्रहानं मराठी भजनं घेतली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरला गेला. त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात, ओवीत, आपल्या मातीच्या चालींत लिहिली, म्हणून आज आमच्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर भजन होऊ शकतं. शाळेच्या पुस्तकात 'फुलामुलांचे कवी' म्हणून ज्यांचं नाव येतं तेच हे, हे कळल्यावर थोरली इतकी हरखली की वर्गात बाईंना सांगून आली. मुलाला आपल्या विश्वासाची लाज वाटू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला त्याच्याच भाषेतली भजनं द्यावीत. मी हे ठासून सांगते. नातवंडांना आजीबरोबर गाता आलं पाहिजे.

पाठांतराबद्दल आजकाल मतभेद आहेत. समजल्याशिवाय पाठ करून काय उपयोग, असं आमच्या संडे स्कूलच्या काही तरुण शिक्षकांनाही वाटतं. मी पाठांतराच्या बाजूची आहे. माझी आई तांदूळ निवडताना आमच्याकडून स्तोत्रं म्हणवून घ्यायची, एक ओवी तिची, एक आमची. तसंच मी मुलांकडून घेतलं: स्तोत्र तेवीस, स्तोत्र एकशे एकवीस, दहा आज्ञा, योहानाचं तीन सोळा, डोंगरावरच्या प्रवचनातली धन्यवचनं. बक्षीस ठेवलं नाही आणि शिक्षाही नाही. स्कूटरवर शाळेत सोडताना एक ओवी मी म्हणायची, पुढची मागून यायची. लहानपणी अर्थ अर्धवट कळतो हे खरं, पण तो नंतर भेटतो, आणि भेटतो तेव्हा शब्द जवळ असावे लागतात.

स्तोत्र तेवीस म्हणजे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र. त्याचा अर्थ धाकट्याला नगरला भेटला. दिवाळी झाली की पठारावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायला लागतात. वाटेत शेतकरी खतासाठी त्यांना रानात बसवून घेतात. आबांच्या चुलतभावाच्या शेतात अशीच मेंढरं बसली होती. आबा धाकट्याला तिथं घेऊन गेले. त्यानं रात्री लावलेली वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण, पाहिली, तिच्या आतली दाटीवाटीनं बसलेली मेंढरं पाहिली, बाहेर कुत्री आणि जवळच घोंगडी पांघरून आडवा झालेला धनगर पाहिला. सकाळी धनगरानं लांब काठीच्या टोकाच्या आकडीनं बाभळीची फांदी खाली ओढली आणि मेंढरं शेंगांवर तुटून पडली. आबा एवढंच म्हणाले, "म्हण आता." आणि त्यानं म्हटलं, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." त्याला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो झोपताना मला विचारायचा, की धनगर जागा असतो ना गं रात्री.

गोष्टींचं मी थोडं वयाप्रमाणे लावून घेतलं. नीतिसूत्रांत म्हटलंच आहे की मुलाच्या स्थितीला अनुरूप असं शिक्षण त्याला द्यावं. शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते ती गोष्ट, रूथ आणि नामी, दाविद, हरवलेलं मेंढरू, जक्कय झाडावर चढतो तो प्रसंग, पाच भाकरी आणि दोन मासे देणारा मुलगा, या सगळ्या लहानपणी. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर घेऊन जातो ती गोष्ट मी धाकट्याला बरीच उशिरा सांगितली. काहींना हे पटत नाही. पण सहा वर्षांच्या मुलानं रात्री आपल्या बापाकडे संशयानं बघावं, यात देवाचा काही गौरव आहे असं मला वाटत नाही.

तरी प्रश्न यायचे ते येतातच. नोहाची, मोठ्या पुरात त्याच्या तारवातले तेवढे वाचतात ती गोष्ट चालू असताना थोरलीनं विचारलं, "तारवाच्या बाहेर लहान बाळं पण असतील ना?" तिचा बाप माझ्याकडे बघायला लागला. मी तिला म्हटलं, असतील. आणि मलाही तिथं वाचताना थांबायला होतं. मग मी तिला तिथंच पुढं लिहिलेलं वाचून दाखवलं: माणसांची दुष्टाई पाहून देवाच्या मनाला खेद झाला आणि पूर ओसरल्यावर त्यानं पुन्हा असं करणार नाही असा करार केला. तिला ते पूर्ण पुरलं नाही. मलाही पुरत नाही, पण आम्ही ती गोष्ट टाळली नाही. चित्रांच्या बायबलमध्ये जिराफ आणि हत्ती हसत असतात, मूल मात्र बाहेरच्यांचा विचार करतं. ज्या मुलाला येशूनं बाळांना जवळ घेतल्याचं सांगितलं आहे, ते हे विचारणारच. त्या प्रश्नात मला तिचा विश्वासच दिसला.

प्रसादाचा विषय आमच्याकडे खूप बोलला गेला. माझ्या माहेरी प्रसाद घेत नसत. आबा शेजाऱ्यानं दिलेला प्रसाद दोन्ही हातांनी घेत. सोसायटीत गणपती बसतो, मुलांचे सगळे मित्र आरतीला असतात, मोदक समोर येतो. मुलानं काय करायचं? आम्ही मुलांना घेऊन करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय वाचला. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल तिथल्या मंडळीत अगदी असाच वाद होता. पौल म्हणतो, अन्नानं आपली देवापुढची योग्यता ठरत नाही, पण तुझ्या मोकळीकीमुळे दुसऱ्याचा विवेक दुखावू नये. त्यावर आमचं असं ठरलं: आरतीच्या वेळी मित्रांबरोबर शांत उभं राहायचं, पूजा करायची नाही, कोणी विचारलं तर आम्ही ख्रिस्ती आहोत आणि आमची प्रार्थना वेगळी असते असं सरळ सांगायचं. फराळाचं ताट आनंदानं घ्यायचं. प्रसाद हातावर ठेवला तर नाकारून कोणाला दुखवायचं नाही, पण अकोल्याच्या आजीसमोर खायचाही नाही, कारण तिचा विवेकही विवेकच आहे. सगळ्या ख्रिस्ती घरांना हे पटेल असं नाही, आणि ज्यांना पटत नाही त्यांना मी कमी विश्वासू किंवा जास्त कट्टर समजत नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की मुलांना नियमाबरोबर त्यामागचं पानही माहीत आहे.

नाताळला उलट फेरी असते. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, केक भरलेली ताटं घेऊन मुलं सगळ्या मजल्यांवर जातात. हे तुमच्यातही करतात का, असं करंजी पाहून नवीन बिऱ्हाडं विचारतात. मुलं सांगतात, हो, आमच्यातही.

पण एक प्रश्न त्याहून टोकदार असतो. थोरली पाचवीत असताना शाळेत एकांनी तिला विचारलं, तुम्ही मूळचे कोण? ती घरी येऊन म्हणाली, "मूळचे म्हणजे काय आई? आपण मूळचे ख्रिश्चन नाही का?" आम्ही तिला सगळं सांगितलं. तुझे खापरपणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावातले महार. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत नगर भागात पुष्कळ महार कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यातलं एक आपलं. लोक त्यांना म्हणाले, धान्यासाठी गेलात. असतील गेले, भुकेल्यानं धान्यासाठी जावं यात पाप नाही. पण दुष्काळ संपल्यावरही ते राहिले, मुलांना शाळेत घातलं, स्वतः म्हातारपणी वाचायला शिकले आणि पहिल्यांदा वाचलं ते शुभवर्तमान. हे सांगताना नवऱ्याचा आवाज जड झाला होता. काही ख्रिस्ती घरांत हा भाग मुलांपासून लपवतात, जात मागे पडली म्हणतात. ती मागे पडलेली नाही, मंडळीतही सोयरिकीच्या वेळी कोण कुठून आलं ते विचारलं जातं, हे मी पाहिलं आहे. म्हणून मुलांना ते अभिमानानं सांगावं असं माझं मत आहे. ज्या प्रभूनं शोमरोनी बाईकडे, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्यांच्यातल्या बाईकडे, पाणी मागितलं, तिच्या हातचं पाणी प्यायला त्याला वावडं नव्हतं, ही गोष्ट आमच्या घराण्यात कोणत्या कानांनी ऐकली गेली असेल, हे मुलीला त्या दिवशी कळलं.

दौंडजवळच्या केडगावलाही आम्ही मुलांना नेलं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायांना वाचता यावं म्हणून, आणि १९२२ साली त्या गेल्या. मुलांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या हातातलं पुस्तक कोणीतरी आयुष्य घालून तुमच्यापर्यंत आणलेलं असतं.

आता धाकट्याचं. आबांना कॅन्सर झाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. रोज संध्याकाळी त्याची एकच प्रार्थना: आबांना बरं कर. मनापासून, हात घट्ट जोडून. मंडळीतले लोक घरी येऊन प्रार्थना करत. एक जण त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, लेकराची प्रार्थना देव टाळत नाही. आबा उन्हाळ्यात गेले. अंत्यविधीला तो रडला नाही. घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी प्रार्थनेच्या वेळी त्याची पाळी आली, तेव्हा म्हणाला, "मी नाही करणार. केली होती ना."

नवऱ्यानं त्याला जवळ घेतलं. आम्ही त्याला समजावलं नाही. देवानं आबांना दुसऱ्या प्रकारे बरं केलं, आता त्यांना दुखत नाही, हे मी मानते, पण त्या वेळी त्याला ते सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं झालं असतं. त्याला म्हटलं, तू करू नकोस, आम्ही करतो, तू नुसता बस. आणि त्या आठवड्यात मी स्तोत्र तेरा काढलं. सहाच ओव्या आहेत. सुरुवातच अशी की, हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार. तो चमकून म्हणाला, "असं बायबलमध्ये आहे?" मग गेथशेमाने बागेतला, येशूला धरून नेलं त्या रात्रीचा भाग वाचला. प्रत्यक्ष प्रभूनं रात्री बागेत जमिनीवर पालथं पडून मागितलं, की हा प्याला माझ्यावरून टळून जावो. तो टळला नाही. "म्हणजे त्याला पण नाही मिळालं," तो म्हणाला. मी म्हटलं, त्या रात्री नाही मिळालं. ईस्टरबद्दल, म्हणजे प्रभू मरणातून उठला त्याबद्दल, मी तेव्हा बोलले नाही. पुढच्या ईस्टरला पहाटे नगरच्या कब्रस्तानात सगळी मंडळी कबरींवर मेणबत्त्या लावून गात होती, तेव्हा आबांच्या कबरीपाशी उभं राहून त्याच्या बापानं सांगितलं.

त्यानंतर बराच काळ, वर्षाहून जास्त, त्यानं मोठ्यानं प्रार्थना केली नाही. पण तबला सोडला नाही. प्रार्थनेला यायचा, तबला लावायचा, सगळ्या गीतांना साथ करायचा आणि प्रार्थनेच्या वेळी तबल्यावर हात ठेवून बसायचा. माझ्या आईला फोनवर हे कळलं तेव्हा ती काळजीनं म्हणाली, "अगं, सैतानाला फट मिळेल." मी आईला म्हटलं, "तो रोज सतरंजीवर येऊन बसतो आहे, आई. तू त्याच्यासाठी प्रार्थना कर, त्याला काही म्हणू नकोस." आईनं ते पाळलं. तिच्यासारख्या बाईला ते सोपं नव्हतं, म्हणून मला तिचं फार वाटतं. आणि मग एका संध्याकाळी, थोरलीच्या दिवशी, तिनं यादी संपवून "आमेन" म्हणायच्या आत तो मध्येच बोलला: "आणि आजीचं बीपी." एवढंच. कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. थोरलीनं "आणि आजीचं बीपी" म्हणून "आमेन" म्हटलं.

थोरलीचं दृढीकरण गेल्या वर्षी झालं. पाळकांकडे वर्ग असतात. प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ हे सगळं नीट शिकवतात. तिच्या बरोबरीची मुलं बसली त्या वर्षी ती म्हणाली की मला अजून एक वर्ष हवं. तिला विश्वासांगीकारातल्या प्रत्येक ओळीपुढे "मी विश्वास ठेवतो" म्हणताना ते खरं असायला हवं होतं. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. आम्ही थांबलो. वर्षभर ती तिच्या संध्याकाळी एकेक ओळ घेऊन बसली, पाळकांशी वाद घातला, आम्हाला प्रश्न विचारले. मग तिनंच नाव दिलं. बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले तेव्हा अकोल्याची आजी पहिल्या बाकावर होती. नंतर ती मला म्हणाली, "पाण्यात बुडवलं नाही, पण कबूल तिनंच केलं." माझ्या आईच्या तोंडून हे येणं म्हणजे काय, ते आमच्या दोन्ही घरांनाच कळेल.

धाकटा तेरा वर्षांचा आहे. त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आहे. केव्हा, ते त्यानं विचारलेलं नाही आणि आम्हीही विचारत नाही. वचन आम्ही दिलेलं आहे, ते रोज संध्याकाळी पाळतो. त्याचं वचन त्याचं आहे. आता आठवड्यातली एक संध्याकाळ त्याचीही झाली आहे. त्यानं पहिल्याच संध्याकाळी ईयोबाचं, म्हणजे निर्दोष असून सगळं गमावलेल्या आणि देवाला जाब विचारणाऱ्या माणसाचं, पुस्तक काढलं आणि सांगितलं, माझ्या दिवशी हेच, शेवटपर्यंत. बेचाळीस अध्याय आहेत. अलीफज, बिल्दद, सोफर, मित्रांची एकामागून एक लांबलचक भाषणं. मागच्या महिन्यात आई अकोल्याहून आली होती, ती म्हणाली, "अरे, मधलं सोडून दे, परमेश्वर वावटळीतून बोलतो तिथून वाच, अडतिसावा." तो म्हणाला, "नाही आजी. शेवटी देव म्हणतो ना, ईयोब बरोबर बोलला आणि हे तिघं नाही. मग ते काय बोलले ते पूर्ण ऐकायला नको? तू जायच्या आत त्या तिघांनंतर बोलणाऱ्या अलीहूपर्यंत आणतो." मग आजीनं चष्मा लावला आणि बिल्ददाचं भाषण तिनं वाचलं.